पावडरला पावसाळा कळतो

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. विषय धातूचं थ्रीडी प्रिंटिंग. ७०७५ जातीचं अॅल्युमिनियम तडे न जाता छापायची रीत आम्ही बसवली आहे. दोन पेपर झाले, पेटंटचा अर्ज तयार आहे. गाईड म्हणतात कंपनी काढ. वडिलांचं भोसरीत छोटं मशीन शॉप आहे. ते म्हणतात, कॉलेजातलं कॉलेजातच राहतं, तू नोकरी बघ. विद्यापीठातल्या संशोधनाने कारखानदारी खरोखर बदलते का? आणि बदलत असेल, तर मी आत्ता काय करावं?"

वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्याच पंगतीतला. टूलरूममध्ये २७ वर्षं झाली, त्यातली शेवटची १३ धातूच्या प्रिंटिंगमध्ये. दोन प्रिंटर, तारेने धातू कापणारी तीन वायरकट मशीनं, मिलिंगचं एक म्हातारं पण इमानी व्हीएमसी, एवढा संसार. आज पोट भरतं ते कॉलेजातून आलेल्या तंत्रावर, आणि धंद्यातला सगळ्यात मोठा फटका बसला तोही कॉलेजातून आलेल्या तंत्रानेच. त्यामुळे तुमच्या घरातल्या भांडणात मला कुणा एकाची बाजू घेता येणार नाही.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ. तुमच्या विषयाचा उगम एका विद्यार्थ्याच्या सुट्टीतल्या नोकरीत आहे, तीही मशीन शॉपमधल्या. १९८१च्या उन्हाळ्यात कार्ल डेकार्ड हा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा पोरगा ह्यूस्टनमध्ये तेलविहिरींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागला. तिथे बरेच भाग ओतकामाचे. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर व्हायला लागली होती, पण ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, मात्र कारागीर हातानेच घडवायचे. भाग कॉम्प्युटरमध्ये अख्खा तयार आहे आणि तरी माणूस तो पुन्हा पहिल्यापासून लाकडात कोरतोय, हे त्या पोराला खटकलं. आपल्याकडे कितीजण सुट्टीत शॉपवर जातात आणि सर्टिफिकेटवर सही घेऊन परत येतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

खटकलेली गोष्ट त्याने सोडली नाही. १९८४मध्ये पदवी संपता संपता उत्तर सुचलेलं होतं: पावडरचा पातळ थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग सांधायचा, त्यावर पुढचा थर. जो बीमन तेव्हा तिथे नवे असिस्टंट प्रोफेसर होते; त्यांनी त्याला मास्टर्सला घेतलं. पहिल्यापहिल्या प्रयोगांत पावडर हाताने भुरभुरत, मिठाच्या डबीतून टाकावी तशी. यंत्र चालवायला कमोडोर ६४, म्हणजे घरोघरी मुलं ज्यावर गेम खेळायची तो कॉम्प्युटर. त्यातून निघाले ते प्लास्टिकचे ओबडधोबड ठोकळे. पण ते ठोकळे ड्रॉइंगमधून थेट आले होते, आणि मास्टर्स मिळायला तेवढं पुरलं.

१९८६च्या ऑक्टोबरात पेटंटचा अर्ज गेला, १९८९मध्ये पेटंट मिळालं. मधल्या काळात कॉलेजचे असिस्टंट डीन पॉल मॅक्लूर आणि ऑस्टिनमधले व्यावसायिक हॅरोल्ड ब्लेअर यांच्या साथीने कंपनी निघाली. विद्यापीठाने लायसन्स द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: १९८८ संपायच्या आत ३ लाख डॉलर उभे करा. पैसा आला गुडरिचकडून, टायरमुळे ज्यांचं नाव जगाला माहीत तेच. कंपनीचं नाव पडलं डीटीएम, डेस्कटॉप मॅन्युफॅक्चरिंग. त्यांचं सिंटरस्टेशन २००० हे मशीन बाजारात आलं ते १९९२मध्ये.

कल्पना १९८४ची, मशीन १९९२चं. या आठ वर्षांत मूळ कल्पना जागची हलली नाही. घाम गेला तो बाकीच्या गोष्टींत. पावडर सारखी पसरायची कशी, मग उलट्या दिशेने फिरणारा रोलर आला. सांधलेला थर गार होताना कडेने पापडासारखा वळतो, म्हणून अख्खं पावडरचं ताट वितळण्याच्या जरा अलीकडच्या तापमानाला धरून ठेवायचं. ते तापमान कोपऱ्यात आणि मध्यभागी सारखं ठेवायचं. या कामांवर फार भारी पेपर होत नाहीत. आणि बीमन यांनी काय केलं बघा. १९९० ते १९९२ ते विद्यापीठातून रजा घेऊन डीटीएममध्ये जाऊन बसले. मला या सगळ्या गोष्टीत पेटंटपेक्षा ती रजा मोठी वाटते. तंत्र कागदावरून शॉपमध्ये गेलं नाही, ते माणसांबरोबर चालत गेलं. डेकार्ड गेला, त्याचे सर गेले, तेव्हा ते पोचलं. पुढे २००१मध्ये थ्रीडी सिस्टिम्सने डीटीएम साडेचार कोटी डॉलरना घेतली.

तर वडिलांना सांगा, कॉलेजातलं बाहेर येतं. पण त्याला आणायला कुणीतरी जावं लागतं.

आता माझा फटका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या संस्थेतला नुकताच पीएच.डी. झालेला मुलगा आमच्याकडे आला. हुशार, नम्र, हाताने काम करायची लाज नसलेला. त्याने अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या एएलएसआय१०एमजी पावडरसाठी पॅरामीटरचा संच बसवला होता. लेसरची पॉवर, वेग, दोन रेघांमधलं अंतर, थराची जाडी, सगळं. आमच्या मशीनवर त्याने सहा तुकडे छापून दिले. कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवले, तर आतून घट्ट, छिद्र शोधून सापडेना. मी खूश. एका गिऱ्हाइकाकडून दाब सहन करणाऱ्या छोट्या हाउसिंगची ५०० नगांची ऑर्डर घेऊन बसलो.

ऑर्डर सुरू झाली जुलैत. मशीनमध्ये एका प्लेटवर एका वेळी बरेच नग छापले जातात; पहिल्या दोन प्लेटा ठीक निघाल्या. तिसऱ्या प्लेटपासून लीक टेस्टला नग फसफसायला लागले. पाण्याच्या टाकीत बुडवून आतून हवा सोडली की भिंतीतून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायची. आम्ही लेसरची लेन्स पुसली, फिल्टर बदलला, मशीनवाल्याचा सर्व्हिस इंजिनीअर बोलावला. त्याने काच बघितली, बीम मोजला, बिल दिलं. नग फसफसतच राहिले.

कारण सापडलं ते आमच्या चाळणी मारणाऱ्या मुलामुळे. तो म्हणाला, "साहेब, पावडर आता पूर्वीसारखी पळत नाही, गाळताना जाळीला धरून बसते." मी मूठभर घेऊन बघितली. कोरडी पावडर बोटांतून पाण्यासारखी निसटते. ही ओल्या रव्यासारखी क्षणभर थांबत होती. आम्ही वापरलेली पावडर उघड्यावर गाळत होतो, भोसरीच्या पावसाळ्यात, दार सताड उघडं ठेवून. अॅल्युमिनियमच्या कणांवर बसलेला ओलावा लेसरखाली फुटतो, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू गोठताना गोल गोल छिद्रं सोडून जातो. त्या पीएच.डी.वाल्या मुलाने आपला अख्खा प्रबंध एसी लावलेल्या खोलीत, हिवाळ्यात, एकाच सीलबंद डब्यातल्या पावडरवर केला होता. प्रबंधात एक ओळ होती, "पावडर वापरण्यापूर्वी वाळवली." किती तापमानाला, किती वेळ, मग उघड्यावर किती मिनिटं चालते, काही नाही. त्याला विचारावं तर तो परदेशात पोस्टडॉकला गेलेला. चूक त्याचीही म्हणवत नाही. त्याला लागत होता तेवढा एक तुकडा उत्तम निघाला होता. मला ५०० हवे होते.

त्या ऑर्डरचे निम्म्याहून जास्त नग भंगारात गेले आणि गिऱ्हाईक हातचं गेलं. नीट बसवायला आम्हाला ११ महिने लागले. व्हॅक्यूम ओव्हन आला, आर्गॉन वायूमध्ये चालणारी चाळणी आली, आणि सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात उपयोगी म्हणजे एक वही: कुठला डबा कधी उघडला, कितव्यांदा गाळला, त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती. आज कुणी नवं पॅरामीटर घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "हे कुठल्या महिन्यात केलंत?" पोरं हसतात.

तुमच्या ७०७५ला तर आणखी एक भानगड आहे, ती तुम्हाला माहीत असेलच, पण वडिलांसाठी लिहितो. हे मिश्रधातू गोठताना तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात अर्धवट घट्ट, अर्धवट पातळ राहतं. धातूचे स्फटिक लांबलांब खांबांसारखे वाढतात, त्यांच्या फटींत शेवटचा पातळ धातू अडकतो, आकसताना फट भरून निघत नाही आणि तडा जातो. २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एचआरएल प्रयोगशाळेने पावडरच्या कणांवर झिरकोनियमचे अतिसूक्ष्म कण चढवून हे सोडवलं. स्फटिक खांबासारखे न वाढता बारीक गोलसर झाले आणि तडे गेले नाहीत. त्यांची पावडर विकतही मिळते. तेव्हा तुमची रीत त्यांच्याहून वेगळी कशात, हे पेटंटच्या वकिलाआधी स्वतःला विचारा. आणि दुसरं: ७०७५मध्ये जस्त आहे. लेसरखाली जस्त उकळून उडतं. छापलेल्या नगात ते किती उरलं, हे तुम्ही मोजलं असणार. पण हीच पावडर दहादा गाळून दहादा वापरली तर दहाव्या वेळच्या नगात किती उरेल? टी६, म्हणजे ताकद वाढवायची उष्णता-प्रक्रिया, केल्यावर पहिल्या आणि दहाव्या प्लेटची ताकद सारखी येईल का? याचं उत्तर तुमच्या वहीत नसेल तर तुमच्याकडे अजून पेपर आहे, धंदा नाही.

आता गाईडचं म्हणणं. कंपनी काढ, हे ठीक. पण कसली? इथे मला जर्मनी आठवते, कारण माझी दोन्ही मशीनं तिथली आहेत. धातूची पावडर, दुसरा कुठला मऊ धातू न मिसळता, पूर्ण वितळवून घट्ट नग काढायची पद्धत १९९६च्या सुमारास आखेनच्या फ्राउनहोफर लेसर संस्थेत बसली, आणि एका छोट्या कंपनीबरोबर पुढे नेली गेली. ही संस्था तिथल्या तांत्रिक विद्यापीठाला खेटून आहे. फ्राउनहोफरची घडीच अशी की सरकारकडून ठरावीक पैसा साधारण तिसरा हिस्सा येतो, बाकीचा उद्योगांची कामं करून आणि प्रकल्प मिळवून उभा करायचा. म्हणजे प्रयोग चालू असतानाच दाराशी गिऱ्हाईक उभं. तिथला विद्यार्थी पीएच.डी. करताना कुठल्यातरी कारखान्याचा खराब झालेला भाग हातात घेऊनच शिकतो. जर्मनीत या मशीनच्या इतक्या कंपन्या का, याचं बरंचसं उत्तर यात आहे असं मला वाटतं.

अमेरिकेतलं दुसरं उदाहरण मात्र मी वडिलांना मुद्दाम सांगेन, कारण त्यात हिरो प्राध्यापकही नाही आणि बडी कंपनीही नाही. जीई या बड्या कंपनीला विमानाच्या लीप इंजिनासाठी इंधनाचं नोझल हवं होतं. आतून इतके वळणदार मार्ग की जुन्या रीतीने २० तुकडे करून जोडावे लागले असते. सिनसिनाटीत मॉरिस टेक्नॉलॉजीज नावाचं एक दुकान होतं. जॉबवर्क करणारं, आपल्यासारखंच, फक्त मशीनं भारी. त्यांनी त्या नोझलचं टोक एकसंध छापून दाखवलं, वजन २५ टक्के कमी. २०१२मध्ये जीईने ते अख्खं दुकानच विकत घेतलं. पुढे अलाबामातल्या ऑबर्नला कारखाना टाकला, आणि २०२१पर्यंत तिथून १ लाख नोझलची टोकं निघाली. लीप इंजिनाच्या ए३२०निओ विमानात तुम्ही बसला असाल तर ते टोक तुमच्या खिडकीबाहेर होतं. ऑस्टिन आणि आखेनमध्ये जन्मलेलं तंत्र आणि जीईची गरज यांच्या मधे जो बसला होता तो एक जॉबशॉपवाला. तुमच्या घरात तसा माणूस आहे आणि तुम्ही त्याच्याशी नोकरी की कंपनी यावर वाद घालताय.

एमआयटीची गोष्ट दोन्ही टोकांची आहे. "थ्री डायमेन्शनल प्रिंटिंग" हे नावच तिथलं. इमॅन्युएल सॅक्स आणि मायकल सीमा यांच्या गटाने १९८९मध्ये पेटंटचा अर्ज केला: पावडरवर लेसरऐवजी चिकट द्रव फवारायचा, इंकजेट प्रिंटरसारखा. १९९३मध्ये पेटंट मिळालं. एमआयटीने शहाणपणा केला तो असा की ते एकाच कंपनीच्या हवाली केलं नाही. मॉडेलं करायला एकाला, धातूकामाला दुसऱ्याला, ओतकामाच्या साच्यांना तिसऱ्याला, वैद्यकीय कामाला चौथ्याला. एकाने झोपा काढल्या तरी बाकीचे जागे. तुमच्या संस्थेशी बोलताना ही रीत डोक्यात ठेवा.

त्याच सॅक्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकात आणखी एक काम केलं, ज्याच्यावर आज माझी निम्मी कमाई आहे. प्लास्टिकच्या मोल्डमध्ये पाणी फिरवायला आपण सरळ भोकं मारतो, कारण ड्रिल सरळच जातो. त्यांनी दाखवलं की साचा छापला तर पाण्याचा मार्ग नगाच्या आकाराबरोबर वळवता येतो. आज मी मॅरेजिंग नावाच्या मजबूत स्टीलचे, साच्यात बसवायचे असे इन्सर्ट छापतो, प्लेटवरून वायरकटने सोडवतो, हार्डनिंग करून फिनिशला पाठवतो. बाटलीचं झाकण असो की गाडीचा दिवा, गार व्हायचा वेळ घटतो, आणि मोल्डरला सेकंदासेकंदाचा हिशोब कळतो, त्यामुळे तो घासाघीस करत नाही. म्हणजे फार करत नाही. पेटंटपेक्षा, कंपन्यांपेक्षा, ही एक वळलेली नळी माझ्यापर्यंत पोचली.

दुसरं टोक असं. सॅक्स हे २०१५मध्ये स्थापन झालेल्या डेस्कटॉप मेटलच्या संस्थापकांपैकी एक. एमआयटीची मोठी मोठी नावं, गुंतवणूकदारांचा अफाट पैसा, २०२० संपता संपता शेअर बाजारात. २०२१मध्ये त्यांनी एक्सवन घेतली. गंमत बघा, एमआयटीच्याच त्या जुन्या पेटंटवर धातूचं काम करत वाढलेली कंपनी. आणि २०२५च्या जुलैत डेस्कटॉप मेटलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्र खोटं होतं का? नाही. माझ्या मते मशीनं विकायची घाई झाली, आणि मशीन घेणाऱ्याकडे त्यावर छापायचे नग नव्हते. चिकट द्रवाने जोडलेला नग नंतर भट्टीत शिजवावा लागतो; शिजवताना तो आकसतो, आणि कुठे किती आकसेल हे प्रत्येक आकाराला वेगळं. ते शिकायला दुकानदाराला वर्ष-दोन वर्षं लागतात. शेअर बाजार तिमाही मोजतो.

आपल्याकडे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मद्रास आयआयटीत रुजलेली अग्निकुल ही सगळ्यात चांगली साक्ष. २०१७ची कंपनी, ज्वलनशास्त्राचे प्राध्यापक सत्य चक्रवर्ती सोबत, छपाईचं मशीन आयआयटीच्या रिसर्च पार्कमध्ये. ३० मे २०२४ला श्रीहरिकोटाहून त्यांचं रॉकेट उडालं ते एकसंध छापलेल्या इंजिनावर. त्याआधी चार वेळा उड्डाण थांबवावं लागलं होतं, तेही लक्षात ठेवा. मला त्यांचं आवडतं ते हे की त्यांनी प्रिंटर विकला नाही, प्रिंटिंगही विकलं नाही. इंजिन स्वतःसाठी छापलं.

मुंबई आयआयटीत प्राध्यापक के. पी. करुणाकरन यांनी वेगळीच वाट धरली. वेल्डिंगने थर चढवायचे आणि त्याच बेडवर मिलिंगने घासून मापात आणायचे, असलेल्या सीएनसीलाच वेल्डिंगची टॉर्च बसवून. कोटींचं मशीन नाही, महागडी पावडर नाही. भोसरी-चाकणच्या खिशाला शोभणारं तंत्र ते हे, आणि तरी आपल्या शॉपवाल्यांत त्याची चर्चा जर्मन प्रिंटरच्या दहाव्या हिश्शाइतकी नाही. आपण मंडळी कॅटलॉग बघून मशीन घेतो, पवईला चक्कर टाकत नाही. यात माझाही नंबर आहे.

आता तुम्ही काय करायचं.

पहिली गोष्ट, आणि ही आठवड्याभरात: पेटंट कुणाच्या नावावर, हे संस्थेकडून लेखी घ्या. अमेरिकेत १९८०च्या बाय-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता आली, म्हणून पुढच्या वाटाघाटी सरळ झाल्या. आपल्याकडे तसं विधेयक २००८मध्ये आलं होतं, कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, आणि नियम कुठल्या फायलीत आहेत हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. गाईडचा वाटा किती, संस्थेचा किती, लायसन्सची फी आधी की विक्रीवर, हे गोडीगुलाबीच्या दिवसांतच लिहून ठेवा. तोंडी आशीर्वाद ऑर्डर आल्यावर आटतो, हे मी पाहिलंय. बसायला जागा आणि लिहायला मदत हवी असेल तर पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर २००७पासून आहे. तिथे जाऊन या.

दुसरं: मशीन घेऊ नका. गाईड म्हणतील अनुदानातून घेऊ, बँक म्हणेल कर्ज देऊ. प्रिंटर, ओव्हन, चाळणी, आर्गॉन, वायरकट, मापं तपासायचं सीएमएम सगळं धरून कोटींत जातं, आणि हप्ता दर महिन्याला येतो, नग जमो न जमो. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेते. फिल्टरची काजळी साफ करताना ज्याची भुवई जळाली नाही असा ऑपरेटर मला अजून भेटायचाय. मशीनचे तास भाड्याने मिळतात. त्यांच्या मशीनवर, त्यांच्या ऑपरेटरकडून, तुमचा नग काढून घ्या. तुम्ही बाजूला उभे राहा, हात मागे बांधून. तुम्ही स्वतः छापलेला नग चांगला येतो याला धंद्यात किंमत नाही. कुणीही छापला तरी येतो, याला आहे.

म्हणून पुढचं वर्ष चार गोष्टी बदलून बघण्यात घालवा: पावडरचा लॉट, मशीन, ऑपरेटर आणि महिना. प्लेटच्या मध्यभागी एक टेस्ट बार आणि चार कोपऱ्यांत चार. आर्गॉन ज्या बाजूला बाहेर पडतो तिथल्या कोपऱ्याकडे जास्त लक्ष द्या, उडालेले कण तिकडेच जाऊन पडतात. नुसती ताकद मोजून थांबू नका, फटीगचे, म्हणजे वारंवार ताण बसल्यावर नग किती टिकतो त्याचे, आकडे काढा. पाच बारांतला सर्वांत वाईट आकडा हाच तुमचा आकडा. सरासरी पेपरला ठेवा.

तिसरं, गिऱ्हाईक. विमानाच्या मागे आत्ता लागू नका. तिथे मंजुरीच इतकी वर्षं खाते की तुमची स्टार्टअप म्हातारी होईल. आणि असा नग शोधा जिथे साधं एएलएसआय१०एमजी खरोखर पुरत नाही. पुरत असेल तर तुमच्या महाग पावडरला कुणी पैसे देणार नाही, पेपर कितीही मोठ्या जर्नलमध्ये असो. चाकणच्या लाइनींवर रोबोटच्या हाताला लावायचे ग्रिपर आणि फिक्श्चर असतात. तिथे वजन कमी झालं तर रोबोटचा वेग वाढतो, नग तुटला तर कुणी मरत नाही, फक्त मेंटेनन्सवाला ओरडतो. त्यात जे ग्रिपर वारंवार वाकतात किंवा तुटतात, ते मागून आणा. तुटलेला नग हाच सगळ्यात खरा इन्क्वायरी लेटर. असे नग कुणाकडे पडलेले असतात हे वडिलांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांच्या शॉपच्या मागच्या रॅकमध्येच दोन-चार निघतील.

पैशाचं एकच सांगतो. लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. तुम्ही ९० धरून चाला.

आणि नोकरी की कंपनी? मी तुमच्या जागी असतो तर प्रबंध संपवून एक वर्ष वडिलांच्या शॉपवर बसलो असतो, पण मालकाचा मुलगा म्हणून नाही. इन्स्पेक्शनच्या टेबलावर. गिऱ्हाईक माल परत का पाठवतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. वडिलांची अट पूर्ण होते, गाईडचीही मोडत नाही.

तुमची पावडर आमच्या मशीनवर चालवून बघायची असेल तर पाच किलो घेऊन या. पण आत्ता नको, आत्ता हवा कोरडी आहे, सगळंच चांगलं येईल. जुलैत या. चाळणी मारणारा तो मुलगा आता आमचा प्रॉडक्शन इन्चार्ज आहे. डबा उघडायच्या आधी तो तुम्हाला वही दाखवेल, त्यात पहिली नोंद तुम्ही स्वतःच्या हाताने करा.